शके १६९५ चा राजवध व बारभाईंची एकी

( १ )

विजयनाम संवत्सर, शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. इंग्रजी गणनेनें ३० ऑगस्ट १७७३. या दिवशीं दुपारीं, गणपतीचा उत्सव चालू असतां, पुण्याच्या शनिवारवाड्यांत श्रीमंत नारायणराव पेशवे गारद्यांच्या हातून मारले गेले. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा; म्हणजे वयाचीं अठरा वर्षें पुरीं होऊन अवघे वीस दिवस लोटले होते. वडील बंधु थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर मुक्कामीं क्षयानें वारले. त्यानंतर छत्रपति रामराजे यांजकडून पेशवाईचीं वस्त्रें नारायणरावांस मिळालीं. त्या गोष्टीस पुरते नऊ महिनेही झाले नव्हते.

या वधाची हकीकत ग्रांट डफपासून रियासतकार सरदेसायांपर्यंत अनेकांनीं लिहिली आहे व ती आबालवृद्धांस ठाऊक आहे. ती पुनः विस्तारानें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नव्हे. राज्याचा कारभारी धनी स्वतःच्या वाड्यांत, स्वतःच्या पगारी शिपायांकडून मारला गेला, आणि संशय सख्ख्या चुलत्यावर आला. अशा वेळीं त्या राज्यानें शोक कसा केला, अपराधाची चौकशी कशी केली, आणि शोकांतून एकी कशी उभी केली, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. वध हा एका दिवसाचा प्रकार. त्यानंतरचे आठ-नऊ महिने ही राज्याची खरी परीक्षा होती. आमच्या समजुतीप्रमाणें मराठ्यांच्या इतिहासांत या परीक्षेकडे जितकें लक्ष जावयास पाहिजे तितकें गेलेलें नाहीं. वाचकांची दृष्टि वधापाशींच अडकून राहिली आहे.

( २ )

वधाचीं कारणें दोन पदरी होतीं. एक पदर घरचा. रघुनाथराव दादासाहेब यांस थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत नजरकैदेंत राहावें लागलें होतें. माधवरावांनीं अंतकाळीं चुलत्या-पुतण्यांची समजूत घातली, तरी पुढें थोड्याच महिन्यांत दादासाहेब पुनः वाड्यांतच अटकेंत पडले. अटकाव वाढला तसा राग वाढला. दुसरा पदर फौजेचा. वाड्याच्या पहाऱ्यावरील गारद्यांचा पगार तुंबला होता, आणि पगार तुंबलेला शिपाई ज्याचें आश्वासन मोठें त्याचा होतो. या दोन पदरांचा पीळ बसला तेव्हां दोर तयार झाला.

त्या दिवशीं सकाळीं गारद्यांच्या हालचालीविषयीं नारायणरावांस संशय आला होता, व त्यांनीं हरिपंत फडके यांस बंदोबस्त करण्यास सांगितलें होतें. परंतु हरिपंत भोजनास गेले व बंदोबस्त राहिला, असें ग्रांट डफनें लिहिलें आहे. हा ठपका कितपत योग्य हें आज ठरविणें कठीण. पण ज्या मनुष्यावर तो आला त्याचें पुढील वर्तन मात्र निर्विवाद आहे. इ. स. १७९४ त वारेपर्यंत हरिपंतानें मयत धन्याच्या मुलाची चाकरी कोठेंही खोट न ठेवतां केली.

गारदी शिरल्यावर नारायणराव धांवत चुलत्याकडे गेले व त्यांस मिठी मारली, तेथेंच त्यांजवर वार झाले, ही परंपरा सर्वत्र एकमुखानें सांगितली जाते. धन्याच्या अंगावर आडवा पडून चापाजी टिळेकर हा सेवक ठार झाला. इच्छारामपंत ढेरेही त्याच दंग्यांत मारले गेले. यांशिवाय वाड्यांतील शागीर्द, ब्राह्मण व कुणबिणी यांपैकीं कांहीं जीव गेले. त्याच रात्रीं मुठेच्या कांठीं पेशव्यांचें दहन झालें. प्रेत ज्या दरवाजानें बाहेर नेलें असें सांगतात त्यास लोक नारायण दरवाजा म्हणूं लागले. एका दरवाजास पडलेलें नांव हेंच त्या शोकाचें सर्वांत साधें व टिकाऊ स्मारक होय.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. अपराध्यांच्या यादींत सुमेरसिंग व खरकसिंग हे उत्तरेकडील हिंदु, महंमद इसफ हा मुसलमान, तुळाजी पवार हा दादासाहेबांचा मराठा खिजमतगार, आणि खुद्द दादासाहेब ब्राह्मण. मयतांच्या यादींतही पेशवे ब्राह्मण, त्यांजवर देह टाकणारा टिळेकर ब्राह्मणेतर सेवक, आणि नांवें न लिहिलेल्या दासी. द्रोह एका जातीचा नव्हता. निष्ठाही एका जातीची नव्हती. दोन्ही याद्या शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे जो बोध होतो तो नुसती एक यादी वाचून होत नाहीं. पुढें जी एकी झाली तिचा पाया या साध्या वस्तुस्थितींत आहे.

( ३ )

संग्राहकांच्या मंडळींत या विषयाची चर्चा निघाली कीं, 'ध चा मा' ही गोष्ट निघाल्यावांचून राहत नाहीं. दादासाहेबांनीं गारद्यांस नारायणरावांस 'धरावें' असें लिहून दिलें होतें व आनंदीबाईनें तें 'मारावें' असें केलें, ही ती कथा. या कथेनें म्हणी दिली, नाटकांस विषय दिला, व एका स्त्रीच्या नांवास कायमचा डाग दिला. इ. स. १९०९ त कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'भाऊबंदकी' नाटक झालें तेव्हांपासून तर हा सबंध प्रसंग लोकांच्या मनांत अधिकच ठसला.

परंतु ज्या चिठींत हा फेरफार झाला म्हणतात ती मूळ चिठी सर्वांनीं पाहून मान्य करावी अशा रीतीनें कधीं प्रसिद्ध झालेली नाहीं. शिवाय दोन शंका सहज सुचतात. पहिली ही कीं, 'धरावें' चें 'मारावें' करण्यास केवळ एक अक्षर फिरवून भागत नाहीं. वर एक काना घालावा लागतो. दुसरी ही कीं, कथा ज्या सहजतेनें सांगितली जाते ती बाळबोध अक्षरांच्या वळणावर बसविलेली दिसते. दरबारचा नित्याचा लिहिण्याचा व्यवहार तर मोडींत चालत असे. मोडीच्या वळणांत हा फेर कितपत सुलभ होता हें ज्यांच्या हाताखालून शेंकडों रुमाल गेले आहेत त्यांनीं स्वतः लिहून पाहावें व मग मत द्यावें.

आनंदीबाई निर्दोष होती असें सिद्ध करण्याचा आमचा आग्रह नाहीं. तिच्यावर त्या काळींही संशय होता. आमचें म्हणणें एवढेंच कीं, शोकास नेहमीं एक चेहरा हवा असतो. ज्यावर सगळा दोष ठेवून मन मोकळें करतां येईल असें एखादें माणूस हवें असतें. कागद नसेल तेथें लोक कथा घालतात. लोकांनीं तसें करणें स्वाभाविक आहे. संशोधकानें मात्र तसें करूं नये. एखादा दलाल ही 'मूळ' चिठी घेऊन दारांत आला तर तिचा कागद, शाई, वळण व ती कोणाच्या दप्तरांतून आली याचा धागा तपासल्याखेरीज संग्राहकानें तिच्यावर विश्वास ठेवूं नये.

( ४ )

वधानंतर दादासाहेबांनीं सातारहून पेशवाईचीं वस्त्रें आणविलीं. राज्याच्या बाह्य रूपांत खंड पडला नाहीं: पेशवे होते, मुत्सद्दी होते, फौज होती. प्रश्न एवढाच होता कीं, ज्याच्या नांवें हें सर्व चालावयाचें त्याच्या हातास रक्त आहे कीं नाहीं हें विचारण्याची छाती कोणाला आहे.

ती छाती न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची निघाली. त्यांनीं वधाची चौकशी केली, व मुख्य दोष दादासाहेबांकडे येतो असा निर्णय दिला. प्रायश्चित्त विचारलें असतां देहान्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं असें तोंडावर सांगून, अशा राज्यांत आपण राहणार नाहीं म्हणून ते पुणें सोडून गेले. या भेटीचें नाट्य ग्रांट डफ व बखरकार यांच्या हातीं कांहीं वाढलें असेल. पण निर्णय व निर्गमन या दोन गोष्टींविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पुढें बारभाईंच्या कारभारांत शास्त्रीबोवा पुनः न्यायासनावर आले व इ. स. १७८९ त वारले.

रामशास्त्र्यांच्या या कृत्याचें धैर्य सर्वांनीं वाखाणलें आहे. आम्हांस त्याचा दुसरा एक विशेष अधिक मोलाचा वाटतो. त्यांनीं अपराध नांवानिशीं ठरविला. गारदी जात वाईट, परदेशी लोक वाईट, अमक्या घराण्याचें रक्तच वाईट, असा निवाडा त्यांनीं केला नाहीं. कोणी काय केलें एवढेंच पाहिलें, आणि तें पाहतांना पेशव्यांच्या चुलत्यासही वगळलें नाहीं. शोकाच्या भरांत न्यायाची ही मर्यादा राखणें फार कठीण असतें. ती राखली गेली म्हणूनच पुढें निरनिराळ्या घराण्यांच्या व जातींच्या माणसांस एका ठिकाणीं बसतां आलें; कोणाही निरपराध्यास आपल्या जातीबद्दल उत्तर द्यावें लागलें नाहीं.

( ५ )

दादासाहेब फौज घेऊन निजामावर व पुढें कर्नाटकाकडे निघाले, तेव्हां बरोबर असलेले मुत्सद्दी निरनिराळीं निमित्तें सांगून एकेक करून मागें फिरले. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव मामा पेठे, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस हे या मसलतींतील प्रमुख. त्यांस प्रतिनिधि, घोरपडे, रास्ते, फलटणकर निंबाळकर, पटवर्धन अशा सरदारांची जोड मिळाली. शिंदे व होळकर यांचीं नांवें परंपरेनें बारांत धरतात. पण प्रारंभीं ते उघडपणें एका बाजूस झुकले नव्हते हें लक्षांत ठेविलें पाहिजे. बारा ही संख्याही मोजून घेतलेली नव्हे. 'बारभाई' म्हणजे पुष्कळांनीं मिळून केलेला कारभार, एवढाच त्याचा अर्थ.

या मंडळीपाशीं राजा नव्हता, सेनापति नव्हता, खजिनाही भरलेला नव्हता. होती ती नारायणरावांची विधवा गंगाबाई, आणि ती गरोदर होती. इ. स. १७७४ च्या जानेवारींत तिला पुरंदर किल्ल्यावर नेलें. सोबत पानिपतावर नाहींशा झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. गंगाबाईच्या नांवें कारभार सुरू झाला. मुलगा होईल कीं मुलगी, जगेल कीं नाहीं, हें कोणास ठाऊक नसतां एवढ्या मोठ्या सरदारांनीं आपलीं वतनें व माना त्या अजात जीवावर लावल्या. ही त्यांची एकी शपथांवर किंवा भाषणांवर उभी नव्हती. उद्यां दादासाहेब परत आले तर सर्वांस एकदमच भोगावें लागेल हें प्रत्येकास स्पष्ट दिसत होतें, त्यावर ती उभी होती.

पहिली झुंज हरली गेली. २६ मार्च १७७४ रोजीं पंढरपुराजवळ कासेगांवीं दादासाहेबांनीं त्रिंबकराव मामांचा पराभव केला; मामा जखमी होऊन हातीं लागले व त्याच जखमांनीं गेले. बारभाईंपैकीं रणांत पडलेला हा पहिला गृहस्थ. एवढ्यावर मंडळी फुटली असती तर आश्चर्य नव्हतें. पण ती फुटली नाहीं. १८ एप्रिल १७७४, वैशाख शुद्ध सप्तमी, सोमवार, या दिवशीं पुरंदरावर गंगाबाईस पुत्र झाला. वधाचा दिवस सोमवार व जन्माचा दिवसही सोमवार; मध्यें दोनशें एकतीस दिवस. मुलाचें नांव माधवराव ठेविलें, व चाळीस दिवसांचा असतां २८ मे रोजीं त्याच्या नांवें पेशवाईचीं वस्त्रें आलीं.

येथें संग्राहकांसाठीं एक सूचना करून ठेवतों. शके १६९५ त वध झाला व शके १६९६ त जन्म. परंतु सुहूर सन मृगापासून बदलतो, म्हणून वध, कासेगांवची लढाई, जन्म व वस्त्रें या चारही गोष्टी एकाच सुहूर सनांत, म्हणजे अर्बा सबैन मया व अलफ (११७४) यांत पडतात. ज्या पत्रांवर केवळ चंद्र व अर्बी सन आहे त्यांचा महिना न पाहतां नुसत्या सनावरून 'नारायणरावांच्या कारकीर्दीचीं' असें वेष्टण घातलें तर चूक होईल. त्या एका वर्षांत नारायणरावांचीं, दादासाहेबांचीं, गंगाबाईच्या नांवचीं, आणि अखेर बालपेशव्यांच्या नांवचीं, अशीं चार धन्यांचीं पत्रें निघालेलीं असूं शकतात. पटवर्धनी दप्तरांतील पत्रें वासुदेवशास्त्री खरे यांनीं प्रसिद्ध केलीं, पेशवे दप्तरांतील निवड इ. स. १९३० पासून सरदेसायांच्या देखरेखीखालीं निघाली. तरी ज्या घराण्यांचे पूर्वज या वर्षीं एका बाजूचे दुसऱ्या बाजूस गेले त्यांच्या माळ्यांवरील कागद याच दृष्टीनें पुनः चाळण्यासारखे आहेत. माणूस कोणत्या महिन्यांत कोणाच्या नांवें पत्र लिहितो यावरून त्याची निष्ठा केव्हां ठरली हें कळतें.

( ६ )

या एकीची पुढील परीक्षा परकीयांकडून झाली. इ. स. १७७४ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च १७७५ त दादासाहेबांनीं सुरतेस त्यांच्याशीं तह करून साष्टी व वसई देऊं केली. घरचें भांडण परक्याच्या दारांत नेण्याची किंमत ही अशी रोख मोजावी लागते. १८ मे १७७५ रोजीं अडासच्या मैदानांत हरिपंतांची दादासाहेब व इंग्रज यांच्याशीं गांठ पडली. १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह झाला. पण त्यानेंही गोष्ट मिटली नाहीं. त्याच सालीं सदाशिवरावभाऊंचा तोतया कोंकणांत बंड करून उठला व वर्षाअखेर मारला गेला. इ. स. १७७८ त बारभाईंपैकींच मोरोबा फडणीस दादासाहेबांस परत आणण्याच्या खटपटींत पडले. सखारामबापूंवरही संशय येऊन त्यांची अखेर कैदेंत झाली.

हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, एकी म्हणजे सर्वांचें मन एक होणें नव्हे. तसें बारभाईंत कधींच झालें नाहीं. नाना व बापू यांचें जमत नव्हतें. नाना व महादजी शिंदे यांचा एकमेकांवर पुरा विश्वास नव्हता. तथापि इ. स. १७७९ च्या जानेवारींत इंग्रज फौज घाट चढून तळेगांवापर्यंत आली तेव्हां सगळे एका जागीं उभे राहिले. कार्ल्याजवळ 'इष्टुर फांकडा' पडला, व वडगांवीं इंग्रजांस तह करून मागें फिरावें लागलें. पुढल्या वर्षीं निजाम, हैदर व नागपूरकर भोसले यांसही एका मसलतींत ओढण्याइतकी पुण्याच्या शब्दास किंमत होती. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें इंग्रजांनीं दादासाहेबांचा पक्ष सोडला, दादासाहेब इ. स. १७८३ त कोपरगांवीं वारले. एका वधापासून सुरू झालेला हा झगडा असा नवव्या वर्षीं मिटला. ज्या पोरक्या मुलासाठीं तो झाला तो तोंपर्यंत आठ वर्षांचा झाला होता.

( ७ )

ही कथा येथेंच संपती तर फार बरें होतें. मार्च १७९५ त खर्ड्यास सर्व सरदार एका झेंड्याखालीं जमले, तें शेवटचेंच. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून गेले. वर्षभराच्या गोंधळानंतर दादासाहेबांचेच पुत्र बाजीराव गादीवर आले, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं वसईस इंग्रजांशीं तह केला, इ. स. १८१८ त राज्य गेलें. बापानें सुरतेस जें आरंभिलें तें मुलानें वसईस पुरें केलें, असें म्हणण्याचा मोह होतो. पण तो मोहच होय. मधल्या वीस वर्षांत बारभाई एकेक करून गेले व त्यांच्यामागें त्यांच्यासारखे आपला हेका गिळून एकत्र बसणारे उरले नाहींत, हें खरें कारण. 'बारभाईंचा कारभार' हा शब्दच पुढें लोकांच्या तोंडीं गोंधळाचा वाचक झाला, यापरतें कृतघ्नपणाचें दुसरें उदाहरण सांपडणार नाहीं.

शके १६९५ चा धडा जुना म्हणून बाजूस ठेवण्यासारखा नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत महात्मा गांधींचा वध झाला. मारेकरी महाराष्ट्रांतला निघाला, आणि त्यापुढील दिवसांत पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंस पुष्कळ निरपराध कुटुंबांचीं घरें केवळ त्यांच्या जातीकडे पाहून जाळलीं गेलीं. ज्यानें जन्मभर सर्वांस एक होण्यास सांगितलें त्याच्या मृत्यूचा शोक शेजाऱ्याच्या घरास आग लावून केला गेला. रामशास्त्र्यांनीं अपराध नांवानिशीं ठरविला होता. येथें तो आडनांवावरून ठरविण्यांत आला. अशीं घरें जळतात तेव्हां माळ्यावरचे रुमालही जळतात, आणि ज्यांत सर्वांच्या पूर्वजांचीं नांवें शेजारीं शेजारीं लिहिलेलीं असतात ते कागद कोणा एका जातीचे नसतात, हें आपणां संग्राहकांस इतरांपेक्षां अधिक ठाऊक आहे.

राजपुरुषाचा घात झाला म्हणजे राज्यावर दोन कर्जें होतात. एक न्यायाचें, तें अपराध्यास शोधून फेडावयाचें. दुसरें ऐक्याचें; तें निरपराध्यास जवळ घेऊन फेडावयाचें. बारभाईंनीं आपल्या कुवतीप्रमाणें दोन्ही फेडलीं, आणि त्याच्या व्याजावर राज्य आणखी पंचेचाळीस वर्षें चाललें. चापाजी टिळेकराच्या घराण्याचे, अथवा त्या दिवशीं पडलेल्या नांव न लिहिलेल्या माणसांविषयींचे कांहीं कागद कोणाच्या संग्रहीं असतील, तर ते नकलून मंडळाकडे पाठवावे. पेशव्यांचें नांव दरवाजानें राखलें आहे. त्यांजवर देह टाकणारांचीं नांवें राखणें आपल्या हातीं आहे.